आलेलं रीडिंग लिही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नक्की करतेस काय गं?’ असं सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं. ‘सोलर’ म्हटल्यावर दोघांनी लगेच गच्चीवरच्या पॅनेलचा भाव विचारला! मी पॅनेल विकत नाही. ती उद्या ज्यापासून बनू शकतील, त्या पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थावर संशोधन करते.

आज छपरांवर दिसणारी बहुतेक पॅनेल सिलिकॉनची असतात. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांहून जास्त तापमान लागतं. पेरोव्हस्काइटचं द्रावण मात्र काचेवर पसरून साधारण १०० अंशांवर तापवलं की थर तयार होतो. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्यापासून ३.८ टक्के कार्यक्षमतेचा सेल बनवला. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल २५ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला १९५४ च्या ६ टक्क्यांपासून तिथवर यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

मग घोडं अडलं कुठे? टिकण्यात. दमट हवा लागली की हा काळा थर विघटित होऊन पिवळा पडतो, मागे शिशाचं आयोडाइड उरतं. ते शिसं मातीत झिरपू नये, ही आणखी एक काळजी. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. नव्या पॅनेलला ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढून दाखवावे लागतात.

मुंबईत पीएच.डी. करताना एका जुलैत मी वीस सेल केले. आठवड्यात एकोणीस पिवळे पडले, एक उत्तम चालला. शोधनिबंधात त्या एकाचाच आकडा द्यायचा मोह झाला. आमच्या क्षेत्रात सर्वोत्तम सेलचा आकडा मिरवायची पद्धतच आहे.

तेव्हा नववीतलं जर्नल आठवलं. भिंगाचं नाभीय अंतर पुस्तकाबरहुकूम यावं म्हणून मी रीडिंग खोडून बदललं होतं. सरांनी सगळ्यांसमोर न बोलता, मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं, ‘आलेलं रीडिंग लिही. चुकलं असेल, तर का चुकलं ते आपण शोधू.’

मी वीसही सेल लिहिले. निबंध एकदा परत आला, प्रसिद्ध व्हायला वर्ष गेलं. पण ते एकोणीस सेल पुन्हा बघताना लक्षात आलं, की पिवळेपणा प्रत्येक वेळी कडेने सुरू होतो. ओल कडेच्या सीलमधून शिरत होती. आज माझं सगळं काम त्या सीलवरच चाललं आहे.

सर, माझे सेल अजून हजार तासांना पोचलेले नाहीत. सध्याचा आकडा सहाशे चाळीस आहे. आलेलं रीडिंग आहे, खोडलेलं नाही.