जुनी विजेची मोटार

बैलबाजारांत गेलेला शेतकरी प्रथम जनावराचे दांत पाहतो, मग खूर पाहतो आणि शेवटीं त्याला चार पावलें चालवून बघतो. पेट्रोलची जुनी मोटार घेणाराही असेंच करी. तो इंजिनाचा आवाज ऐके, धुराचा रंग न्याहाळी, तेलाची कांडी काढून बोटावर घाशी. विजेच्या मोटारीनें हीं सारीं लक्षणें नाहींशीं केलीं आहेत. तिला धूर नाहीं, धडधड नाहीं, तेलाची कांडीही नाहीं. निरोगी असो वा थकलेली असो, ती सारखीच मुकाट चालते. तेव्हां तिची परीक्षा करावी तरी कशी?

भारतांत २००१ सालीं बंगळूर येथें निघालेली ‘रेवा’ ही चिमुकली गाडी शिशाच्या बॅटऱ्यांवर चाले. पुढें जानेवारी २०२० मध्यें टाटांची ‘नेक्सन’ विजेवर आली. उंच बैठकीची ही लहान मोटार, जिला व्यापारी भाषेंत क्रॉसओव्हर म्हणतात, पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होते. पहिल्या नेक्सनच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावे. प्रमाणपत्रांत एका भरणीची धाव ३१२ किलोमीटर लिहिली होती, आणि प्रारंभींची किंमत १३ लाख ९९ हजार रुपये होती. जानेवारी २०२४ मध्यें तिची धाकटी बहीण ‘पंच’ आली व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तिची प्रारंभींची किंमत ९ लाख ९९ हजारांवर उतरली. नवीच वस्तु स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भाव पडणारच. स्वस्ताई हें गाडी घेण्याचें कारण होऊं शकेल. परीक्षा न करण्याचें खास नव्हे.

शेगांवांतील एखादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. मुलाचें कॉलेज खामगांवीं, आजीचा डॉक्टर अकोल्यास, सरकारी काम निघालें तर बुलढाण्यास. घरची बरीचशी शिल्लक या एका खरेदींत जावयाची आहे. अशा कुटुंबानें ३१२ हा आंकडा विसरावा; तो प्रयोगाच्या शिस्तींतला आहे. वातयंत्र चालवून, माणसें बसवून एका युनिटांत सुमारें सात किलोमीटर धरावे. बॅटरी पांच वर्षांत झिजून शेंकडा ८५ उरली असेल तर तींत पावणेसव्वीस युनिट मावतील, म्हणजे १८० किलोमीटर. बॅटरी अगदीं रिती करूं नये व दर वेळीं कांठोकांठ भरेलच असें नाहीं, म्हणून त्याचे चार पंचमांश, म्हणजे सुमारें १४५ किलोमीटर, हीच भरंवशाची धाव होय. खामगांव तर हाकेवर आहे. अकोल्याची जा-ये सुमारें ९० किलोमीटरांची, ती निर्धास्त होईल. बुलढाण्याचें मात्र तसें नाहीं. जाऊन-येऊन अंतर १४० च्या घरांत, आणि वर बोथ्याचा घाट. शेगांवाहून बुलढाणा सुमारें साडेतीनशें मीटर उंच आहे. माणसांसह सतराशें किलो वजन तितकें वर चढविण्यास दीड युनिटाहून अधिक वीज लागते. उतरतांना मोटर उलट वीज निर्माण करिते हें खरें. तथापि खर्चलेलें सर्वच परत मिळत नाहीं. तेव्हां वाटेंत चालू स्थितींतील चार्जिंग केंद्र कोठें आहे, हें गाडी घेण्यापूर्वींच स्वतः जाऊन पाहावें.

आतां मुख्य परीक्षेकडे वळूं. अधिकृत कार्यशाळेंत बॅटरीच्या आरोग्याचा लेखी दाखला मागावा. त्यावर घरगुती पडताळाही घेतां येतो. गाडी प्रथम एकदां पूर्ण भरावी. कारण नेक्सनसारख्या लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरींत शेंकडेवारी दाखविणारा कांटा बरेच दिवस पूर्ण भरणी न झाल्यास चुकूं लागतो. मग ती शेंकडा २० पर्यंत चालवावी आणि पंधरा अँपिअरच्या प्लगवर मीटर लावून पुन्हां पूर्ण भरावी. मीटरनें २२ युनिट दाखविले असें समजा. त्यांतील दहावा हिस्सा उष्णतेंत जातो. उरले सुमारें वीस. हे बॅटरीचे चार पंचमांश. म्हणजे संपूर्ण बॅटरी पंचवीस युनिटांच्या आंत. मूळच्या ३०.२ शीं ताडून पाहतां शेंकडा ८२ उरली. एका रात्रीची ही मेहनत लाखाच्या नुकसानीपासून वांचवूं शकते. विकणारा एवढा वेळ देण्यास नाखूष असेल, तर तेंही एक उत्तरच समजावें.

वऱ्हाडाचा उन्हाळा हा या व्यवहारांतील तिसरा पक्ष आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लिथियमच्या बॅटरीस उष्णतेनें लवकर म्हातारपण येतें. म्हणून पूर्ण भरलेली गाडी दिवसेंदिवस उघड्या उन्हांत उभी ठेवूं नये. छप्पर नसेल तर त्याचा खर्च किंमतींतच मिळवावा. घरांतील तारा, अर्थिंग व महावितरणकडील मंजूर भार हीं जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावीं. महिन्यास हजार किलोमीटर धांवल्यास सुमारें दीडशें युनिट वाढतात, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढत असल्यामुळें वरचीं युनिटें अधिक महाग पडतात. बचतीचा हिशेब त्या वरच्या दरानें करावा.

कागदपत्रांतही डोळे उघडे असावे. हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें असतील तर गाडी खासगी. पिवळीं असतील तर ती भाड्यानें फिरलेली. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षें अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. ती दुसऱ्या मालकाकडे कोणत्या अटींवर येते हें कंपनीकडून लेखी घ्यावें. हस्तांतरासाठीं २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म, कर्ज असल्यास ३५ क्रमांकाचा. आणि विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्याचा अर्ज. एका गृहस्थानें दुसऱ्यास गाडी विकल्यास जीएसटी नाहीं; नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर मात्र जानेवारी २०२५ पासून १८ टक्के आहे, व तो शेवटीं गिऱ्हाइकाच्याच खिशांतून जातो.

हें सर्व पाहून कोणास वाटेल कीं विजेची मोटार घेऊंच नये. तसा अर्थ नाहीं. ज्या घरीं स्वतःचें अंगण, पक्की वायरिंग आणि रोजची वाट ठरलेली आहे, त्या घरीं ही गाडी पेट्रोलचा खर्च निश्चित कमी करील. ज्या घराला महिन्यांतून दोनदां पुणें-मुंबई गांठावी लागते त्यानें तेवढ्यासाठीं ती घेऊं नये. शेगांवचें स्टेशन हावडा-मुंबई मार्गावरच आहे. आजीला भर दुपारीं अकोल्याहून परत आणतांना कांटा किती खालीं आला याची धास्ती नसावी, एवढ्या बेताची बॅटरी ज्या गाडींत उरली आहे, तीच त्या घराची गाडी.