संगणक तापला तर घाबरू नका



आपल्या दिघी-भोसरी भागातल्या बऱ्याच बचत गटांचे हिशेब आता संगणकावर असतात. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाच्या हिशेबाची घाई आणि उन्हाचा चटका बरोबरच येतात. नेमका तेव्हाच संगणक नोंद भरता भरता पटकन बंद पडतो. कुणीतरी सांगतं, "जुना झालाय, नवीन घ्या." नवीन घेणं म्हणजे गटाची कितीतरी महिन्यांची बचत. म्हणून आधी तो का तापतो ते समजून घेऊ.

ज्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्याच्या आत प्रोसेसर नावाची छोटी चकती असते. सगळं काम ती करते आणि तापते. तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या आणि पंखा बसवलेला असतो. मध्ये पेस्टचा पातळ थर असतो. पेस्ट उष्णता पट्ट्यांना देते, पंखा ती बाहेर फेकतो. या साखळीत कुठे अडलं की उष्णता आतच कोंडते.

किती तापलाय ते बघता येतं. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-टू बटण दाबत राहा. बटण वेगळं असेल तर बहुधा पहिल्या पडद्यावर लिहिलेलं असतं. जो पडदा उघडतो त्याला बायोस म्हणतात. बऱ्याच संगणकांत तिथे तापमान दिसतं. फक्त वाचा, काही बदलू नका आणि सेव्ह न करता बाहेर या.

आता आकड्याचा अर्थ. काम नसताना 35 ते 50 अंश ठीक. जड काम चालू असताना 60 ते 80 चालतं. 90 च्या पुढे गेला तर लक्ष द्या. 95 ते 100 च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात, आणि तरीही ताप वाढला तर संगणक बंद होतो. म्हणजे हे बंद पडणं त्याचा जीव वाचवण्यासाठी असतं.

आकडा वाचताना खोलीही लक्षात घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या आसपास जातो. थंडीत 45 दाखवणारा संगणक तेव्हा 60 दाखवेल, त्यात नवल नाही. पण साधा पंखा असलेला संगणक खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही. खोलीत 35 आणि पडद्यावर 20 दिसलं, तर मोजणीच चुकतेय. तसंच 120 दाखवतोय, पण संगणक शांत चालतोय, तरीही आकड्यावर शंका घ्या.

आता उपाय, फुकटाचे आधी. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर चालू असताना काढा. मसाला कुटायची खोली आणि गिरणी यांच्यापासून तो लांब ठेवा. आपल्याकडे बांधकामाची आणि रस्त्याची धूळ आधीच भरपूर, त्यात तिखट-हळदीची भुकटी गेली की पट्ट्यांमध्ये गाळ बसतो.

मग सफाई. आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा. सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. झाकण उघडा, डब्याच्या धातूला हात लावा आणि मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पंख्याचं पातं बोटाने धरूनच झाडा. ओलं फडकं नको. वीज जिथे येते तो बंद पेटीसारखा भाग मात्र कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात झटका बसू शकतो.

एवढ्याने उतरलं नाही, तर पंखा फिरतोय का पाहा. फिरत असेल तर पेस्ट सुकली असेल. ती काही वर्षांनी सुकते. हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. त्याला सांगा, "जुनी पेस्ट पुसून नवीन लावा, पंखा तपासा." काम समोर बसून करून घ्या, आधीचं आणि नंतरचं तापमान वहीत लिहा आणि पावती मागा.

महिन्याच्या बैठकीत बचतीच्या नोंदीबरोबर हा आकडाही लिहीत जा. दोन-तीन महिने तो चढत गेला, तर धूळ साचतेय हे संगणक बंद पडायच्या आतच कळेल. नवीन घ्यायचा की नाही, ते गट ठरवेल, पण वहीतले आकडे समोर ठेवून.