आक्का बोलल्या, यंत्रानं लिहिलं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेलं भाषण)



बोलणारं तोंड एकच असलं तरी हे भाषण आम्ही नवरा-बायको दोघांनी मिळून तयार केलं आहे. म्हणून 'आम्ही, आम्ही' असं सारखं ऐकू आलं तर तो राजेशाही थाट समजू नका. विषय साधा आहे. आपण बोलायचं आणि संगणकानं ते मराठीत लिहायचं. गेलं दीड वर्ष आम्ही हा उद्योग घरी करतो आहोत. त्यात काय जमलं, काय फसलं आणि आपल्या सीमाभागातल्या माणसांना त्याचा काय उपयोग आहे, एवढंच सांगायचं आहे.

गणपतीच्या मांडवात ह्या विषयाला सुरुवात करायला अडचण नाही, कारण सांगितलेलं लिहून घेण्याचं काम करणारा पहिला लेखनिक आपल्या पाठीमागेच बसला आहे. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं. ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट अशी की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. पुढं संतांच्या काळातही हीच परंपरा दिसते. ज्ञानेश्वरी लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. म्हणजे आपल्या भाषेतलं फार मोठं धन हे कुणीतरी बोललेलं आणि कुणीतरी मन लावून लिहून घेतलेलं आहे. आजचं यंत्र गणपतीची अट पाळतं, त्याची लेखणी थांबत नाही. व्यासांची अट मात्र ते पाळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

यंत्रानं बोलणं ओळखावं ही खटपट जुनी आहे. 1952 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एक यंत्र झालं, त्याला फक्त आकडे ओळखता येत. 1962 मध्ये आयबीएमनं दाखवलेल्या यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत होती. ह्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आंध्रात जन्मलेले राज रेड्डी हे मोठं नाव. 1994 साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बेकर दांपत्याच्या कंपनीनं 1997 मध्ये न अडखळता, सलग बोललेलं इंग्रजी लिहिणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्याआधी प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. हे सगळं इंग्रजीचं. मराठीचा नंबर बराच उशिरा लागला. 2017 च्या ऑगस्टमध्ये गूगलनं जगातल्या तीस भाषा ह्या सोयीत नव्यानं घेतल्या, त्यांत मराठी होती. आणि आपल्याला विशेष वाटावं अशी गोष्ट म्हणजे त्याच यादीत कन्नडही होती. दोघी बहिणी एकाच दिवशी शाळेत गेल्या म्हणा ना!

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्याकडं आक्का आहेत. नात्यानं एकीच्या सासूबाई, एकाची आई, आणि साऱ्या गल्लीच्या आक्का. वय शहाऐंशी. माहेर निपाणीचं, तंबाखूवाल्या शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन बेळगावात आल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं बदलली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकरी ठाण मांडून बसले, पुढं गोळीबार झाला, त्या दिवसांत आक्का माहेरीच होत्या. ह्या आठवणी त्या जेवताना सांगतात, भाजी निवडताना सांगतात. लिहा म्हटलं तर हात थरथरतो. आणि आमची पुण्यातली नात इंग्रजी शाळेतली. मराठी बोलते छान, लिहायला मात्र बसत नाही. सांगणारीला लिहिता येईना आणि ऐकणारीला लिहायचा कंटाळा. मधे आम्ही दोघं. आमच्यातल्या एकाचा हात जुन्या मराठी टाइपरायटरवर बसलेला. संगणकाच्या कळफलकावर जोडाक्षर शोधता शोधता वाक्य विसरायचं. म्हणून मग हा बोलून लिहिण्याचा मार्ग धरला.

पहिल्या दिवशी माइक समोर ठेवला आणि आक्कांना म्हटलं, बोला. त्या आधी पदर सावरून बसल्या, फोटो काढायचा असल्यासारख्या. मग म्हणाल्या, "माझं माहेर निपाणी." पडद्यावर आलं, "माझं माहेर नि पाणी." आम्ही हसलो. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "चुकलं कुठं? पाण्यासाठीच मरत होतो तिथं." पुढं तवंदीचा घाट आला, तो झाला आनंदी घाट. येळ्ळूरचं वेल्लूर झालं. मधेच दारात भाजीवाली आली. आक्कांनी माइकसमोरूनच कन्नडमध्ये "एष्टु री?" असा भाव विचारला, तर यंत्रानं तिथं एसटी उभी केली. आणि आपलं 'काय करालैस', 'जाऊन आलोय की' हे तर त्याला झेपेचना. 'करालोय' म्हटलं की 'करा' वेगळं आणि 'लोय' वेगळं.

असं का होतं ते आम्ही समजून घेतलं. यंत्र आपला आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या बारीक तुकड्यांत कापतं. त्या तुकड्यांवरून कुठले ध्वनी असतील ह्याचा अंदाज बांधतं. मग ह्या शब्दाच्या शेजारी बहुधा कुठला शब्द येतो, हे आधी शिकलेल्या ढीगभर बोलण्यावरून आणि मजकुरावरून ताडून पाहतं. ज्याची शक्यता जास्त, तो शब्द लिहितं. 'आनंदी' हा शब्द त्यानं हजारो वेळा पाहिलेला असतो, 'तवंदी' क्वचितच. दोघांचा उच्चार जवळचा निघाला की आनंदी जिंकतो. म्हणजे यंत्राचा आपल्यावर राग नाही. आपलं बोलणं त्याच्या कानावर पडलेलंच नाही.

ह्याच्यातूनच कामाची एक युक्ती निघते. आपण शब्द तोडून तोडून, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं सांगितलं तर यंत्र जास्त चुकतं, कारण त्याला शेजारच्या शब्दांचा आधार मिळत नाही. पूर्ण वाक्य, नेहमीच्या वेगानं बोलावं. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा, पंखा आणि टीव्ही बंद करावा. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम तोंडानं सांगून उमटतीलच ह्या भरवशावर राहू नये, ते मागाहून हातानं घालावेत. गावांची आणि माणसांची नावं सारखी चुकत असतील तर शेवटी 'शोधा आणि बदला' ही सोय वापरून एकदम दुरुस्त करावीत. आणि एक सावधगिरी. ह्यातल्या बहुतेक सोयी इंटरनेटवर चालतात, म्हणजे आपला आवाज दूरच्या संगणकाकडं जातो. बँकेचे नंबर, दुखण्याचे कागद, भाऊबंदकीचे वाद असलं काही तिथं बोलू नये.

ह्या युक्त्या वापरल्यावर महिन्याभरात आक्कांची बरीच पानं झाली. पण खरी चूक पुढंच झाली, आणि ती यंत्राची नव्हती, आमची होती. आक्का 1981 बद्दल सांगत होत्या. रस्त्यावर बसलेल्या माणसांसाठी घराघरातून भाकऱ्या जायच्या. त्या म्हणाल्या, "थापून थापून हात लाल झालते. झोप येत हुती खरं निजतंय कोण?" यंत्रानं ह्या वेळी जवळजवळ जसंच्या तसं लिहिलं. आम्ही रात्री बसून ते 'नीट' केलं. आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पुण्याच्या नातीला ते कळणार नाही म्हणून आम्ही लिहिलं, 'झोप येत होती, पण झोपणार कोण?' दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. कोण बोललंय हे?"

आम्ही गप्प बसलो. दीड महिना आम्ही यंत्राला नावं ठेवत होतो की त्याला आक्कांची भाषा कळत नाही. त्यानं न कळता तरी ती लिहिली होती. आम्हाला कळत होती आणि आम्ही ती पुसली. आपण सीमाभागातली माणसं मराठीसाठी मोर्चे काढतो, सत्याग्रह करतो, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून दावा आहे त्याची तारीख विचारत राहतो. आणि स्वतःच्या घरातली मराठी पाव्हण्यांसमोर आणायची झाली की तिला पुण्याची साडी नेसवतो. अण्णा, आक्का, अडकित्ता, किल्ली हे शब्द कन्नडकडून आपल्याकडं आले असं अभ्यासक सांगतात. ते शब्द काही कुणी परत पाठवले नाहीत. मग आपल्या 'खरं'लाच का बाहेर काढायचं?

त्यानंतर आम्ही नियम केला. आक्कांचा मूळ आवाज वेगळा जपून ठेवायचा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी 'हां, हे मी बोलले' म्हटल्यावरच पान पक्कं करायचं. नातीसाठी खाली दोन ओळींत अर्थ द्यायचा, वरचं वाक्य बदलायचं नाही. व्यासांची अट आम्ही अशी घरी आणली. नातीनं ती पानं वाचली आणि फोनवर पणजीला विचारलं, "मग गोळीबार झाला तेव्हा तू कुठं होतीस?" आक्का त्या दिवशी पाऊण तास बोलल्या. इतके दिवस ती गोष्ट त्यांनी आम्हालाही सांगितली नव्हती.

आता कचेरीच्या कामाचं थोडं. भारतीय राज्यघटनेचं 350 वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडायचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. हा हक्क आहे खरा, पण अर्ज कुणीतरी लिहावा लागतो. पूर्वी कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाकडं जावं लागे. आता ज्याला लिहिता येत नाही, दिसत नाही, बोटं वळत नाहीत, तोसुद्धा आपला अर्ज आपल्या तोंडानं सांगू शकतो. आणि मोकळेपणानं सांगतो, त्याच अर्जाची कन्नड प्रतही आम्ही ह्याच सोयीनं काढतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना बाजारातली कन्नड फर्डी येते, लिपी मात्र येत नाही. बोलायचं, यंत्र लिहितं, शेजारच्या कन्नड मित्राकडून एकदा तपासून घ्यायचं. त्यानं आपली मराठी कमी होत नाही. मात्र सही करण्याआधी कागद मोठ्यानं वाचून घ्या. यंत्रानं एक 'न' गाळला तर 'नको'चं 'को' होणार नाही, पण 'नाही'चं 'आही' किंवा 'आहे' होऊ शकतं, आणि खाली सही आपली असते.

शेवटी मंडळाला एक विनंती. यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी लोकांकडून आवाज गोळा करण्याची कामं चालू आहेत. मोझिला ह्या संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस' उपक्रमात कुणीही घरबसल्या मराठी वाक्यं वाचून देऊ शकतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'वाणी' नावाच्या प्रकल्पात जिल्ह्याजिल्ह्यातलं बोलणं जमवलं जातं. केंद्र सरकारची 'भाषिणी' 2022 पासून सुरू आहे. तिथं बेळगाव, निपाणी, खानापूरचा आवाज पोहोचला नाही तर उद्याचं यंत्रही तवंदीला आनंदीच म्हणत राहील. आपली तरुण पोरं मांडवात रात्र रात्र जागतात. त्यांनी वर्षातून एक रविवार ह्या कामाला द्यावा.

आणि घरोघरी जे शहाऐंशी वर्षांचं कुणी आहे, त्यांच्यासमोर एकदा माइक ठेवा. विसर्जनापर्यंत थांबू नका. त्यांनी बोलावं, यंत्रानं लिहावं आणि आपण, अर्थ कळलेल्या माणसांनी, हात आवरून ते तपासावं. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशी दहा घरांची पानं आली तर मंडळ ती आनंदानं छापेल, असा शब्द अध्यक्षांनी आम्हाला स्टेजमागं दिलेला आहे. तो आता आम्ही तुमच्यासमोर माइकवर बोललो आहोत, तेव्हा त्यांना माघार नाही.

गणपती बाप्पा मोरया!