ऐकूं न येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांकडेहि पाहा

(चेंबूर येथील धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवाचे आभार मानावेत, पूर्वजांचें स्मरण करावें आणि पुढील पिढीच्या हिताचा कांहीं विचार करावा, अशी आपली रीत आहे. यांपैकीं तिसऱ्या कामासाठीं मी आपणांपुढें उभा आहें. पूर्वजांकडून आपणांस श्रद्धा मिळाली, भाषा मिळाली, गांवठाणांतलीं घरें मिळालीं. त्यांच्याच रक्तांतून कांहीं गुप्त व्याधीहि आपणांकडे येतात. त्यांतील एक व्याधि अशी आहे कीं, ती बहुधा जन्मतःच कानांवर घाला घालते, आणि डोळ्यांवर मागाहून, हळूहळू, घरांत कोणास न कळत. तिला अशर सिंड्रोम म्हणतात. ती वंशपरंपरेनें येते हें चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रवैद्यानें 1914 सालीं दाखवून दिलें, म्हणून त्याचें नांव तिला मिळालें. दर लाख माणसांत सुमारें 4 ते 17 जणांस ती असते. हा आंकडा लहान वाटेल. परंतु जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांपैकीं शंभरांत 3 ते 6 मुलें याच व्याधीचीं असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळतें.

या व्याधीचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत मूल जन्मतः जवळजवळ पूर्ण बहिरें असतें. शिवाय कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रियहि काम करीत नाहीं. त्यामुळें मूल उशिरां बसतें, आणि दीड वर्ष उलटून गेलें तरी चालत नाहीं. दहा वर्षांच्या आंत त्यास रातांधळेपणा येऊं लागतो. दुसऱ्या प्रकारांत ऐकूं कमी येतें, पण अगदींच येत नाहीं असें नाहीं. मूल वेळेवर चालतें, यंत्र लावून बोलूंहि लागतें, आणि दृष्टीचा दोष बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर ध्यानांत येतो. तिसरा प्रकार विरळा आहे. त्यांत मूल ऐकतें-बोलतें जन्मतें आणि पुढें दोन्ही इंद्रियें क्रमाक्रमानें मंदावत जातात.

डोळ्यांत काय बिघडतें तें थोडक्यांत सांगतों. डोळ्याच्या आंतल्या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या कडेकडेच्या भागांत अंधारांत पाहण्यास उपयोगी पडणाऱ्या पेशी दाट असतात. मध्यभागीं उजेडांत बारीक पाहण्याच्या व रंग ओळखण्याच्या पेशी असतात. या व्याधींत पहिल्या पेशी आधीं मरतात. म्हणून प्रथम रात्रीची दृष्टि जाते, मग बाजूचें दिसेनासें होतें, आणि शेवटीं नळींतून पाहावें तेवढेंच समोरचें दिसतें. मधली दृष्टि पुष्कळ वर्षें शाबूत राहते. हीच मोठी फसवणूक आहे! मूल पुस्तक वाचतें, सुईंत दोरा ओंवतें. मग याचे डोळे अधू आहेत हें कोणास खरें वाटावें?

तेव्हां आईबापांनीं कोणत्या खुणा पाहाव्यात? मे महिन्यांत आपण सायंकाळीं खुरसाजवळ रोझरीला जमतों. परततांना इतर मुलें धांवत सुटतात आणि एखादें आईचा पदर सोडीत नाहीं. भर उन्हांतून देवळांत शिरल्यावर एखादें मूल दाराशींच थबकतें आणि बांक चांचपडत पुढें जातें. जमिनीवरच्या पाटाला, बादलीला, धाकट्या भावंडाला तें वारंवार अडखळतें. चेंडू समोरून आला तर झेलतें, बाजूनें आला तर अंगावर घेतें. बहिरें मूल दिवसां ओंठ पाहून बोलणें समजतें. दिवे गेले कीं गोंधळतें, रडतें. अशा मुलाला आपण वेंधळें म्हणतों, हट्टी म्हणतों, प्रसंगीं मारतोंहि. बहिऱ्या मुलाच्या ठायीं यांतील दोन-तीन खुणा दिसल्या तर त्यास मारूं नका, नेत्रवैद्याकडे न्या. आणि वैद्यास "रात्रीं दिसत नाहीं, आणि मूल बहिरें आहे" या दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. लहानपणीं दृष्टिपटल वरवर पाहतां निरोगी दिसूं शकतें. म्हणून दृष्टिपटलाची विद्युत्-तपासणी व दृष्टिक्षेत्राची तपासणी करावी लागते. आतां रक्ताच्या तपासणीनें जनुकांतील दोषहि बहुधा सांपडतो.

आतां वंशाचा प्रश्न. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांत असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस पूर्ण निरोगी असतो. त्यास स्वतःलाहि त्याचा पत्ता नसतो. असे दोन निरोगी वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक शक्यता ही कीं, मुलास दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. "एक मूल असें झालें, आतां पुढचीं तीन चांगलींच होणार," असा हिशेब चुकीचा आहे. शक्यता दर वेळीं तीच असते. तसेंच आईकडे बोट दाखविणें हेंहि चूक आहे. दोष दोघांकडून सारखाच येतो. नात्यांत लग्न झालें तर एकाच आजोबाची बिघडलेली प्रत दोन्हींकडून येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आपल्या मुलखांत जुनी आहे. परंतु सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचा विवाह धर्मसभेच्या कायद्यानें विशेष परवानगीवांचून होत नाहीं. या नियमाचें आरोग्याच्या दृष्टीनेंहि महत्त्व आहे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रत्येक अंधबधिर माणसाचा दोष मात्र वंशांतूनच येतो असें नाहीं. हेलन केलर जन्मतः ऐकत-पाहत होत्या. एकोणीस महिन्यांच्या असतांना आलेल्या आजारानें दोन्ही इंद्रियें गेलीं. गरोदरपणीं आईस रुबेला झाल्यानेंहि मूल तसें जन्मूं शकतें, आणि तें लस टोंचून टाळतां येतें.

बंधुभगिनींनो, रोगापेक्षां मला अधिक भय वाटतें तें लपवालपवीचें. धाकट्या बहिणीचें लग्न अडेल म्हणून थोरल्या भावास पाहुण्यांपुढें न आणणारीं घरें आहेत. "कोणाचें पाप भोंवलें?" असें कुजबुजणारे शेजारी आहेत. संत योहानाच्या शुभवर्तमानांत शिष्यांनीं जन्मांध माणसाविषयीं हाच प्रश्न प्रभूला विचारला होता. प्रभूनें त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा दोष मानला नाहीं. मग आपण तो कोणत्या अधिकारानें मानावा? लपवण्यांत जीं वर्षें जातात तींच उपयोगाचीं असतात. पूर्ण बहिऱ्या मुलास पहिल्या दोन-तीन वर्षांत कानांत कॉक्लिअर इम्प्लांट बसविलें तर त्यास ध्वनि व भाषा मिळण्याची आशा पुष्कळ असते. डोळे क्षीण होण्यापूर्वीं कान उघडला, तर पुढील अंधारांत तोच त्याचा सोबती होतो. केवळ बहिरें समजून त्यास फक्त हातवारे शिकविले आणि डोळ्यांकडे दुर्लक्ष केलें, तर दुसरें दारहि बंद होतांना पाहावें लागतें. दृष्टि शाबूत असतांनाच ब्रेल, हातावर हात ठेवून केलेल्या खुणा आणि काठीनें चालणें शिकवावें. मेलेल्या पेशी परत आणणारें औषध अशर सिंड्रोमवर अद्याप निघालेलें नाहीं. संशोधन चालू आहे. तोंवर हमखास गुण येईल असें सांगणाऱ्यांच्या नादीं लागून पैसा घालवूं नये, आणि वैद्याच्या सल्ल्यावांचून जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊं नयेत.

साहाय्य दूर नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनीं माझगांवांत बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा स्थापिली. भारतांतील अशा शाळांत ती आद्य गणली जाते. हा वारसा आपल्याच धर्मप्रांताचा आहे. अंधबधिर मुलांसाठीं बेरोज वाच्छा यांनीं 1977 सालीं मुंबईंत हेलन केलर संस्था काढली. श्रवणाच्या तपासणीसाठीं वांद्र्यास 1983 सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यांत अंधबधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. दाखला मिळविणें हा मुलाचा हक्क आहे, भिक्षा नव्हे.

आपणहि कांहीं करूं शकतों. देवळाच्या पायऱ्यांच्या कडांवर ठळक पट्टा असावा, दाराशीं पुरेसा उजेड असावा, आणि अशा मुलाच्या स्नानसंस्कारापासून प्रथम ख्रिस्तप्रसादापर्यंत कोठेंहि त्यास मागें ठेवूं नये. प्रभूनें बहिऱ्या माणसास गर्दीपासून एकीकडे नेलें आणि त्याच्या कानांत बोटें घातलीं, असें संत मार्क सांगतो. शब्द ज्याला ऐकूं जात नव्हता, त्याच्याशीं प्रभु स्पर्शानें बोलला. आपल्या धर्मग्रामांतील अशा प्रत्येक मुलाचा हात कोणीतरी हातीं घ्यावा, इतकें या महोत्सवानें साधलें तरी तो सफळ झाला असें मी मानीन. पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंती करो.