शंभर मुलांचा हिशेब

(निगडी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आपल्या मुलांच्या हाती प्रगतिपत्रक पडते. शाळांचाही वर्षाचा हिशेब मांडला जातो: पटावर किती मुले होती, किती वरच्या वर्गात गेली, किती खोल्या नव्या बांधल्या, दहावीचा निकाल किती टक्के लागला. आपण मुलाचे प्रगतिपत्रक उघडतो, ‘वरच्या वर्गात घातले’ एवढे वाचतो, आणि ते जपून पेटीत ठेवून देतो. शाळेच्या हिशेबाकडे तर आपण पाहतच नाही. तो साहेबलोकांचा कागद आहे, आपल्या वाचण्याचा नव्हे, असे आपण धरून चालतो. ही समजूत आपण टाकून द्यावी, एवढेच सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

ज्या महापुरुषाने आपणांस धम्माचा मार्ग दाखविला, त्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणखात्याचे अहवाल डोळ्यांत तेल घालून वाचले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चासंबंधी ते बोलले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, त्याच्या अवघे आठ दिवस अगोदरची ही गोष्ट. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या अंधारात परत जातात, हे त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणले. शाळेच्या दारातून आत आलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकल्यावरच बाहेर पडावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू असल्याचे त्यांनी बजावले. याच गतीने काम चालले तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शिक्षणाखाली येण्यास चाळीस वर्षे आणि मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील, हा सरकारी अहवालातला हिशेबही त्यांनी कौन्सिलापुढे ठेवला.

यातली पद्धत आपण नीट पाहा. शाळा वाढल्या, मुले वाढली, असे कोणतेही खाते आनंदाने सांगते. बाबासाहेबांनी पट किती हे विचारून समाधान मानले नाही. त्यांनी एकाच शंभर मुलांचा हात धरला, त्यांना पहिलीपासून चौथीपर्यंत चालत नेले, आणि वाटेत गळालेल्या ब्याऐंशी मुलांचा जाब मागितला. अहवाल वाचण्याची हीच खरी रीत होय. १९२८ च्या मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला त्यांनी जे निवेदन सादर केले, तेही मुंबई इलाख्यातील अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणस्थितीचेच होते. तळ्याचे पाणी आणि शाळेचा पट हे त्यांच्या दृष्टीने दोन निराळे लढे नव्हते.

आता आपल्या गावाकडे येऊ. निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी ही एके काळी शेतीची गावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे औद्योगिक वसाहत आली, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांच्या भोंग्यामागे मराठवाड्यातून, सोलापुराकडून, विदर्भातून आपली माणसे आली. कोणी ओटा स्कीममध्ये राहिला, कोणी झोपडपट्टीत, कोणी पुढे प्राधिकरणात. येथून जवळच देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे, बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. अशा भूमीच्या शेजारी आपण राहतो. आपली बहुतेक मुले ज्या शाळांत जातात त्या महानगरपालिकेच्या आहेत, आणि अशा प्राथमिक शाळा शंभराहून अधिक आहेत. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने भारतीय गुणवत्ता परिषदेकडून आपल्या शाळांचे मूल्यमापनही करवून घेतले आहे. हे चांगले झाले. परंतु मूल्यमापन कोणीही केले, तरी त्याचा अर्थ विचारणारा पालक नसेल तर तो कागद कपाटातच राहतो.

आपणांपैकी काही जण म्हणतील, आपला समाज तर शिक्षणात पुढे गेला आहे. खरे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१.२९ टक्के होते आणि साऱ्या देशाचे सुमारे ७३ टक्के. ज्यांना अक्षराची मनाई होती त्यांच्या वंशजांनी ही मजल मारली, याचा अभिमान जरूर धरावा. परंतु सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. ज्याच्या घरी तिसऱ्या पिढीचा पदवीधर आहे तो, आणि ज्याने परवा दीक्षा घेतली व ज्याच्या घरात अद्याप एकही पुस्तक नाही तो, असे दोघेही त्या एकाच आकड्यात बसतात.

आणि शाळेत जाणे म्हणजे शिकणे नव्हे. ‘असर’ या नावाने देशभर ग्रामीण भागात मुलांची वाचनचाचणी घेतली जाते. सरकारी शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे एकवीस होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली ती सोळांवर आली, आणि २०२४ साली तेवीसांवर गेली. पाचवीची तीच चाचणी घेतली तर २०२४ साली शंभरांत पंचेचाळीसच मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. हे आकडे देशाच्या खेड्यांचे आहेत, निगडीचे नव्हेत. परंतु त्यांतून एक धडा घेण्यासारखा आहे. १९२७ साली मूल शाळेबाहेर पडून निरक्षर होत होते. आज ते शाळेत बसूनही वाचनावाचून राहू शकते, आणि त्याच्या प्रगतिपत्रकावर मात्र ‘वरच्या वर्गात घातले’ असेच लिहिलेले असते.

असे का होते? शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नये, असे त्यात होते. नापासाचा शिक्का बसून गरिबाचे मूल शाळा सोडू नये, हा त्यामागचा हेतू दयेचा होता. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांना मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने तसा नियम केला. म्हणजे पहिलीत मागे पडलेल्या मुलाची उणीव पाचवीत जाऊन उघडी होऊ शकते. तोवर चार वर्षे गेलेली असतात. ती चार वर्षे आपल्या मुलास परत कोण देणार?

म्हणून शाळेचा हिशेब हाती आला की आपण चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न गळतीचा. समजा, एका शाळेत पहिलीत साठ मुले आली. दहावीच्या परीक्षेस त्यांतील तीस बसली आणि सत्तावीस उत्तीर्ण झाली. निकाल नव्वद टक्के म्हणून फलकावर लागेल. परंतु साठांतील सत्तावीस म्हणजे निम्म्याहूनही कमी. उरलेली मुले दुसऱ्या शाळेत गेली, की गॅरेजवर, की कोणाच्या घरी धुणीभांडी करण्यास? निकालाची टक्केवारी ऐकली की ‘कितींपैकी?’ हे विचारावयास विसरू नका.

दुसरा प्रश्न वाचनाचा. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने कसोटी ठरवून दिली आहे. तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला निदान साठ शब्द या वेगाने, समजून वाचावा, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. आमच्या शाळेतील तिसरीची किती मुले असे वाचतात, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत आणि त्याची प्रगती यांची माहिती पालकांस नियमितपणे देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच असल्याचे कायद्याचे चोविसावे कलम सांगते. ते आपणांवर उपकार करीत नाहीत.

तिसरा प्रश्न दिवसांचा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन झाले पाहिजे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असला पाहिजे. जनगणना, आपत्ती व निवडणूक यांखेरीज बिनशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपता येत नाही. वर्षभरात प्रत्यक्ष शिकवणे किती झाले, याचा हिशेब मागा.

चौथा प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांचा. मुलींचे किती? अनुसूचित जातींच्या मुलांचे किती? जी मुले यंदाच गावाकडून आली, त्यांचे किती? स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे याच कायद्याने स्थानिक संस्थेवर सोपविलेले काम आहे. दाखला यावयास उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, एवढ्यावरून मुलाला परत पाठविता येत नाही. कामाच्या शोधात कालच निगडीत उतरलेल्या आपल्या बांधवाला हे जाऊन सांगा.

हे प्रश्न कोठे विचारावयाचे? खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा असतात. शाळेच्या विकासाचा आराखडा ही समिती करते आणि आलेला पैसा कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवते. १९२७ साली हा जाब विचारण्यासाठी एका बाबासाहेबांना कौन्सिलात जावे लागले. आज कायद्याने आपल्या घरच्या बाईला शाळेतच खुर्ची दिली आहे. ती खुर्ची रिकामी राहिली, किंवा तिच्यावर नाव आपले आणि सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून झाली, तर तो दोष कोणाचा? तक्रार ऐकली गेली नाही तर ती लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे द्यावी. तीन महिन्यांत निर्णय देण्याचे बंधन त्याच्यावर आहे.

नवदीक्षितांसाठी आणखी एक गोष्ट. शाळेत मुलाच्या नावापुढे ‘बौद्ध’ अशी नोंद केल्यास सवलती जातील, ही भीती अजूनही काहींच्या मनात आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्या यादीतील हक्क मान्य झाला आहे. म्हणून धम्म लपवू नका आणि हक्कही सोडू नका. जातीच्या दाखल्याची कागदपत्रे मात्र वेळीच तयार ठेवा.

आता कोणी विचारील, शाळेच्या आकड्यांचा धम्माशी संबंध काय? केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. जो उपदेश ग्रंथाला लागू आहे तो छापील अहवालाला का नसावा? मग परीक्षा घरीच घ्या. आज रात्री मुलाला जवळ बसवा आणि त्याने पूर्वी न पाहिलेले एक पान वाचावयास द्या. आपणांस वाचता येत नसेल तर विहारात आणा. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखावी. ज्ञान, शील व करुणा यांची सांगड घालण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली आहे. ती पाळण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

शासनाकडे जाब मागताना स्वतःकडेही मागावा. त्याच १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, सरकार शिक्षणावर दर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून दर माणशी दोन रुपयांहून अधिक मिळविते. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण केली आहे. पगाराच्या दिवशी गुत्त्यात किती गेले आणि वहीपुस्तकांवर किती, हा घरचा अहवाल होय. तोही वर्षातून एकदा वाचावा.

शाळेची प्रगती शेवटी कशात दिसते? पुण्यात महात्मा जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढल्या. तेथे शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. त्या शाळांची टक्केवारी आज कोणास ठाऊक नाही. परंतु एक मुलगी शिकली आणि आपल्या लोकांवरील अन्याय स्वतःच्या लेखणीने मांडू लागली, हे अजून सांगितले जाते.

आपली मुलगी तसे लिहू शकेल काय, हा प्रश्न घेऊन येत्या पालकसभेस जा. एकटे जाऊ नका. शेजारच्या चार घरांना बरोबर घ्या, ती कोणत्याही जातीची वा धर्माची असोत, कारण त्यांचीही मुले त्याच बाकांवर बसतात. नम्रपणे बोला, पण उत्तर मिळाल्यावाचून उठू नका. शंभर मुले आत गेली असतील तर शंभरांचा हिशेब मागा.

जय भीम!