आजीच्या ओव्या आणि एफएफएमपेग

आज थोडं टेक्निकल बोलणारे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून.

शाळेत असताना मी बाबांच्या कीपॅड फोनवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. एएमआर फाइल्स. पुढे कॉलेजात नव्या फोनवर त्या वाजेनात, म्हणून एका ॲपमधून सगळ्यांच्या एमपीथ्री केल्या, अगदी कमी साइजच्या. वर जागा हवी म्हणून मूळ फाइल्स उडवल्या. आजी आता नाही. मागच्या दिवाळीत जुन्या मेमरी कार्डात दोन मूळ फाइल्स सापडल्या. एकापाठोपाठ एक लावून ऐकलं. मूळ फाइलमध्ये ओवी संपल्यावर आजी दम घेते, ते कळतं. माझ्या एमपीथ्रीत तिथे नुसती खरखर.

असं का? त्या फोनमधला एएमआर हा मुळात बोलण्यासाठी बनलेला. सेकंदाला 8000 नमुने, जास्तीत जास्त 12.2 केबीपीएस. म्हणजे आवाजाची काटछाट आधीच झालेली, त्यावर मी पुन्हा कात्री चालवली. आता कुणी म्हणेल, 320 केबीपीएसला कन्व्हर्ट कर ना! फाइल फुगेल हो, गेलेलं परत येणार नाही.

मग करायचं काय? लॅपटॉपवर किंवा अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये एफएफएमपेग टाका. फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेलं, फुकट, ओपन सोर्स. टाइप करायचं: एफएफएमपेग, डॅश आय, मूळ फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं नाव, शेवटी डॉट फ्लॅक. फ्लॅक लॉसलेस आहे, हाती उरलंय त्यातलं काही टाकत नाही. फाइल मोठी होते, होऊ दे.

व्हिडिओत एमकेव्ही, एमपीफोर हे नुसते डबे. आतलं चित्र आणि आवाज कुठल्या कोडेकमध्ये आहे, ते एफएफप्रोब सांगतं. बऱ्याचदा फक्त डबा बदलायचा असतो. तेव्हा दोन नावांच्या मध्ये डॅश सी कॉपी लिहा. काम झटक्यात होतं, क्वालिटीला धक्का नाही. आतला कोडेक नव्या डब्यात बसत नसेल तर मात्र एरर येते. आणि नुसतं एक्स्टेन्शन बदलून फॉरमॅट बदलत नाही, कितीही वेळा करून बघा!

नेटवरून कमांड उचललीत आणि त्यात डॅश वाय दिसलं, तर थांबा. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर न विचारता तिच्यावर लिहिलं जातं.

त्या दोन्हींचं फ्लॅक करून आत्याला पाठवलं, डॉक्युमेंट म्हणून. मूळ एएमआर आता तीन ठिकाणी ठेवल्यात. ऐकून आत्याचा फोन आला, "अगं, यातली एक माझ्या नावाची आहे. बाकीच्या कुठायत?"