भोजनाची मात्रा आणि आपली मूत्रपिंडे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी जेवणावर बोलणार आहे. आपल्या बापजाद्यांना पोटभर कधी मिळालं नाही. माझी आई सर्वांना वाढून उरलेल्या तुकड्यावर निजायची. अशा समाजापुढे "कमी जेवा" म्हणायला जीभ रेटत नाही. तरी बोलतो, कारण मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब, आणि हे दोन्ही पाहुणे आता आपल्या घरात शिरले आहेत. डायलिसिस सुरू झालं की आठवड्याला दोन-तीन खेपा. अख्खं घर त्यात अडकतं.

मूत्रपिंड म्हणजे गाळणी. एकेकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर, बाकीचं शरीर परत घेतं. या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात, नंतर नवी एकही होत नाही. चाळिशीनंतर त्या हळूहळू झिजतात.

१९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मॅके या शास्त्रज्ञाने उंदरांना कमी, पण जीवनसत्त्वं-क्षार पुरेसे असलेला आहार दिला. ते उंदीर जास्त जगले. पुढच्या प्रयोगांत दिसलं की अशा उंदरांची मूत्रपिंडंही म्हातारपणी कमी खराब होतात. माणसाच्या बाबतीत एवढं ठाम सिद्ध झालेलं नाही. पण मापात खाल्ल्यानं वजन, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, म्हणजे गाळणीवरचा भार हलका होतो.

ही गोष्ट तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. संयुत्त निकायात कोसलराजा प्रसेनजिताची कथा आहे. राजा भरपूर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनात मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश रोज जेवताना म्हणायला लावला. हळूहळू राजाचा आहार मापात आला आणि शरीर हलकं झालं. एका दिवसात नव्हे, हळूहळू! हे ध्यानात घ्या.

पण मात्रा म्हणजे उपासमार नव्हे. सिद्धार्थाने देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला. गरोदर बाई उपाशी राहिली आणि बाळ कमी वजनाचं जन्मलं, तर त्याच्या मूत्रपिंडात गाळण्याच कमी असू शकतात. आईच्या भुकेची किंमत लेकराला आयुष्यभर मोजावी लागते. म्हणून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, मुलं आणि अशक्त माणसं यांनी कमी खायचं नाही. घरातल्या बाईने शेवटी आणि उरलेलं खायचं, हा रिवाज आजपासून बंद करा. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये.

बाकीच्यांनी दोन घास भूक ठेवून उठावं. मीठ, पापड, लोणचं, फरसाण आवरावं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत, त्याही मूत्रपिंडाला मारतात. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि लघवी तपासून घ्यावी.

आपल्या आया नाइलाजाने अर्धपोटी राहिल्या. आपण समजून-उमजून मापात जेवू. पहिली गुलामी होती, दुसरा शील आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!